पडवीतून समुद्र दिसतो पण छपरात रंगीत ठिपके: एचडीआरमधला नॉइझ येतो कुठून

प्रश्न वाचला आणि टाकलेले फोटो मोठे करून पण बघितले. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुहागरच्या बाजूला एक जुनं कौलारू घर आहे, त्याचं होमस्टे करतायत, त्याचे फोटो. कॅमेरा आत माजघरात, समोर उघडं दार, दारातून पडवी, माड आणि मागे भर दुपारचा समुद्र. ट्रायपॉडवर तीन फ्रेमचं ब्रॅकेटिंग, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात तीनदा, उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), एफ ८, आयएसओ ४००, शटर १/१२५, १/३०, १/८. एचडीआर करायला, म्हणजे अंधार आणि ऊन दोन्ही एकाच फोटोत दिसायला, या फ्रेम मर्ज केल्यावर शॅडो (अंधारे भाग) उचलले तर वाशांमध्ये आणि कौलांच्या खालच्या बाजूला लाल-निळे ठिपके, म्हणजे नॉइझ, आणि नॉइझ रिडक्शन वाढवलं तर जांभ्याची भिंत मेणाची वाटते. तर नॉइझ घालवायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, असा प्रश्न.

सॉफ्टवेअरचं सांगतो नंतर, पण खरं सांगायचं तर तुमचा प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नाहीच. छपराला तुमच्या तिन्ही फ्रेमपैकी एकाही फ्रेममध्ये पुरेसा उजेड मिळालेला नाही. एचडीआर म्हटलं की लोकांना वाटतं तीन फोटो एकत्र केले म्हणजे नॉइझ आपोआप कमी होणार. होतो, पण कधी? जेव्हा त्या अंधाऱ्या भागाला नीट उजळ दाखवणारी निदान एक फ्रेम सेटमध्ये असते तेव्हा. ती नसेल तर सॉफ्टवेअर आहे त्यातलीच बरी फ्रेम घेतं आणि तिच्यातला अंधार ताणून उजळ करतं, त्याबरोबर नॉइझपण ताणला जातो.

आता तुमच्या आकड्यांवरच बोलू म्हणजे सोपं जाईल. कॅमेऱ्याचं मीटरिंग बिचारं काय करणार, त्याला एका बाजूला चकाकणारा समुद्र दिसतोय आणि दुसऱ्या बाजूला काळं छप्पर, त्याने मधलं काहीतरी पकडलं आणि १/३० दिलं. हे मधलं एक्सपोजर ना घरासाठी बरोबर ना समुद्रासाठी. त्याच्या दोन स्टॉप वर आणि दोन स्टॉप खाली गेलात तरी दोन्ही टोकं बाहेरच राहिली. म्हणूनच तुमचा समुद्र १/१२५ ला पण पांढरा फटक आहे आणि छप्पर १/८ ला पण हिस्टोग्रामच्या (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) डाव्या भिंतीला चिकटलंय. अशा घरात दुपारी दहा स्टॉपचा फरक मला सर्रास मिळतो. एफ ८ आणि आयएसओ १०० धरा, बाहेरच्या उन्हातल्या समुद्राला १/५०० च्या आसपास लागतं आणि आतल्या छपराला दोन सेकंद. घर किती उघडं आहे, आत चुना काढलाय की नुसत्या चिऱ्याच्या भिंती आहेत, पडवीची वळचण किती खाली उतरलीय, यावर हे एक-दोन स्टॉप इकडे तिकडे होणार, त्यामुळे आकडा पाठ करू नका, तिथे जाऊन बघा. पण तुमचं ब्रॅकेट एकूण चार स्टॉपचं आहे आणि दृश्य दहा स्टॉपचं, हा हिशोब काही बदलत नाही.

आणि आयएसओ ४०० चं काय? ट्रायपॉड आहे, घर कुठे पळून जात नाहीये, मग ४०० कशाला? आयएसओने सेन्सरवर जास्त उजेड पडत नाही, पडलेल्या उजेडाचा सिग्नल फक्त मोठा होतो. सेन्सरवर उजेड किती पडला हे ठरतं अ‍ॅपर्चर आणि शटरवर. तुमची सगळ्यात उजळ फ्रेम १/८ ची. मी तिथे दोन सेकंद दिले असते, म्हणजे सोळापट उजेड. चित्र मात्र सोळापट उजळ दिसणार नाही, चारपटच दिसेल कारण तुमचा आयएसओ ४०० आणि माझा १००, पण सेन्सरवर पडलेल्या उजेडात फरक सोळापटीचा आहे आणि नॉइझ त्यावर ठरतो. उजेड हा कणाकणाने येतो, फोटॉन म्हणतात ते, आणि त्यांच्या मोजणीतला चढउतार हा संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. म्हणजे सोळापट उजेडाला नॉइझ चारपट वाढतो आणि सिग्नल सोळापट, निव्वळ फायदा चारपट. वर कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइझ असतो तो फ्रेमगणिक साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे अगदी काळ्या भागात फायदा चारपटीपेक्षाही जास्त. हा फायदा कुठलंही सॉफ्टवेअर नंतर देऊ शकत नाही.

मग करायचं कसं, कारण बऱ्याच एंट्री लेव्हल कॅमेऱ्यांना तीनच फ्रेमचं ब्रॅकेट असतं आणि तेही दोन-दोन स्टॉपचं. त्याला उपाय म्हणजे दोन सेट काढायचे. मोड मॅन्युअल, आयएसओ १००, एफ ८, व्हाइट बॅलन्स एकच फिक्स, फोकस करून झाल्यावर लेन्स मॅन्युअल फोकसवर. पहिला सेट १/१२५ मध्ये ठेवून, त्यात १/५००, १/१२५, १/३० मिळतात. मग डायल फिरवून शटर १/२ वर आणायचं आणि दुसरा सेट, त्यात १/८, १/२ आणि २ सेकंद. झाल्या सहा फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने, सगळे दहा स्टॉप कव्हर. ऑटो आयएसओ बंद आहे ना हे दोनदा बघा, कारण तो चालू असला तर काही कॅमेरे ब्रॅकेटिंग करताना शटर न बदलता आयएसओ बदलतात, म्हणजे उजळ फ्रेम दिसायला उजळ पण आतून तितकीच उपाशी. शंका असेल तर काढलेल्या फाईल्सचा डेटा उघडून बघा, शटरचे आकडे बदललेत की आयएसओचे, लगेच कळतं.

सगळ्यात लांब फ्रेम, म्हणजे जिच्यात शटर जास्तीत जास्त वेळ उघडं राहतं ती, कुठे थांबवायची हे ठरवायची माझी पद्धत साधी आहे. त्या फ्रेममध्ये दार, पडवी, समुद्र सगळं जळून पांढरं झालं तरी चालेल, तिकडे बघायचंच नाही. फक्त छप्पर बघायचं. प्लेबॅकमध्ये झूम करून वाशाची रेघ, कौलाची कड स्पष्ट दिसते का, आणि हिस्टोग्राममध्ये डावीकडचा ढीग भिंतीपासून सुटून आत सरकलाय का. सरकला असेल तर बास. नसेल तर अजून एक फ्रेम, चार सेकंद, आठ सेकंद, काय लागेल ते. दुसऱ्या टोकाला उलटं, सगळ्यात छोट्या फ्रेममध्ये फक्त समुद्र आणि आभाळ बघायचं. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, रॉ मध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाईल) उजळ बाजूला थोडी जागा अजून असते, त्यामुळे तिथे किंचित पांढरं ब्लिंक झालं तर घाबरायचं कारण नाही. आणि हो, रॉ मध्येच काढा, जेपेगचं ब्रॅकेट करून मर्ज केलं तर अंधारात चौकटी चौकटी दिसतात त्या वेगळ्याच.

दोन सेकंदांची फ्रेम म्हटली की ट्रायपॉड हलता कामा नये, आणि कोकणातल्या जुन्या घरात हे वाटतं तितकं सोपं नाही. शेणाने सारवलेली जमीन मऊ असते, पाय हळूहळू रुततो, पहिल्या आणि सहाव्या फ्रेममध्ये दोन-चार पिक्सेलचा फरक पडतो आणि वाशांच्या कडा दुहेरी होतात. शिवाय जमिनीला खड्डे पडले की घरातल्या काकी जे बोलतील ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. पायाखाली एकेक जुनी फरशी किंवा पाटाचं फळकूट ठेवलं की दोन्ही प्रश्न मिटतात. माळ्यावर फळ्यांची जमीन असेल तर फ्रेम चालू असताना कोणी चालू नये, तुम्ही स्वतःसुद्धा. दोन सेकंदांचा टायमर लावा. पुळणीवर काढत असाल तर लाटेच्या पाण्याजवळ ट्रायपॉडखालची रेती प्रत्येक लाटेबरोबर निघून जाते, तिथे सहा फ्रेमचा नाद सोडा.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल, त्यात खिडकीच्या पडद्यावर आणि माडाच्या झावळीच्या टोकाला ठिपक्यांचे तुकडे दिसतायत, आणि बाजूची भिंत त्या मानाने साफ आहे. हे बघून लगेच ओळखता येतं की डीघोस्टिंग चालू होतं, बहुतेक हाय वर. डीघोस्टिंग काय करतं, जे हललंय तिथे सगळ्या फ्रेमचा मेळ सोडून देतं आणि एकच फ्रेम उचलतं. ती फ्रेम त्या जागेसाठी अंधारी असली की तेवढ्या तुकड्यात नॉइझ, शेजारी स्वच्छ. आमच्या इकडे एका घरमालकाने असा फोटो बघून विचारलं होतं, "ह्या काय ता, फोटोक बुरशी इली काय?" इतकं चपखल वर्णन मी फोटोग्राफरांकडूनही ऐकलेलं नाही. तर पहिला उपाय म्हणजे हलणाऱ्या गोष्टी थांबवा. पंखा बंद, पडदे बांधून ठेवा, दांडीवरचे टॉवेल काढा, मांजराला बाहेर. मग डीघोस्ट बंद ठेवून मर्ज करून बघा. समुद्राच्या लाटांची चिंता नको, कारण लाटांचा तपशील फक्त छोट्या शटरच्या फ्रेममध्ये आहे, लांब फ्रेममध्ये तिथे सगळं पांढरंच असतं, त्यामुळे घोस्ट होण्यासारखं फार काही उरत नाही. खरी भानगड होते झावळ्यांची, त्या मधल्या तीन फ्रेममध्ये तीन जागी असतात. वारा असेल तर मी डीघोस्ट लो वर ठेवतो, आणि त्यातूनही सुटलं तर १/१२५ च्या फ्रेममधला तेवढा माड फोटोशॉपमध्ये लेअर टाकून हाताने मास्क करतो. वेळ जातो, पण सबंध फोटोवर हाय डीघोस्ट मारण्यापेक्षा बरं.

मर्जचं गणित कसं चालतं ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात प्रत्येक पिक्सेलला फ्रेमनुसार वजन दिलं जातं, मधल्या टोनमध्ये आहे त्यावर विश्वास जास्त, अगदी काळा किंवा अगदी पांढरा झालाय त्यावर कमी. पुढे सॉफ्टवेअरगणिक तपशील बदलले, पण तत्त्व तेच. म्हणून छोट्या शटरच्या, कमी उजेडाच्या फ्रेम कितीही वाढवल्या तरी छपराला काही मिळत नाही. आणि एकाच रॉ फाईलमधून उणे दोन, शून्य, अधिक दोन अशा तीन फाईल बनवून मर्ज करायचा जो प्रकार यूट्यूबवर दाखवतात त्यात नॉइझ एका दाण्याने कमी होत नाही, कारण उजेड एकदाच मोजलेला आहे.

लांब फ्रेम देणं शक्यच नसेल, म्हणजे देवळात गर्दी आहे, ट्रायपॉड लावू देत नाहीत, तर मग त्याच एक्सपोजरच्या अनेक फ्रेम काढून त्यांची सरासरी काढायची. चार फ्रेमची सरासरी म्हणजे नॉइझ निम्मा, सोळा फ्रेमची म्हणजे पाव. फोटोशॉपमध्ये फ्रेम लेअर म्हणून उघडायच्या, अलाइन करायच्या, स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोड मीन. फोनचे फोटो अंधारात इतके साफ कसे दिसतात असं नेहमी विचारतात, तर गुगलची एचडीआर प्लस पद्धत मुळात हेच करायची, मुद्दाम कमी उजेडाच्या एकसारख्या बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जोडायची. संगमेश्वरजवळच्या कसब्यातल्या कर्णेश्वर मंदिरासारख्या दगडी सभामंडपात, जिथे नक्षी आणि अंधार दोन्ही भरपूर, तिथे ही पद्धत बरी पडते. पण ट्रायपॉड असेल तर एक लांब फ्रेम ही अनेक छोट्या फ्रेमपेक्षा कधीही चांगली, कारण प्रत्येक छोट्या फ्रेमबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइझ नव्याने येतो.

वेळेबद्दल. बरेच जण सांगतात की ढगाळ दिवशी काढा म्हणजे फरक कमी होतो. आभाळ आणि समुद्र कमी चमकतात हे खरं, पण नुसत्या दारा-खिडक्यांच्या उजेडावर चालणाऱ्या खोलीत त्याने फारसं काही साधत नाही, कारण आतला उजेड हा बाहेरच्याच आभाळाचा, बाहेर कमी झाला की आतही कमी. फरक खरा मिटतो तो आत स्वतःचा दिवा असेल तेव्हा. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे तोंड करून असलेल्या घरात संध्याकाळी सूर्य सरळ दारात येतो, तेव्हा काढूच नका. सूर्य बुडाल्यावर मात्र दिवे लावून बसा. बाहेरचा उजेड झपाझप उतरतो, आतले बल्ब तेवढेच, आणि एक वेळ अशी येते की दोन्हीतला फरक तीन-चार स्टॉपवर येतो. ती दहा-पंधरा मिनिटं पकडली तर तुमच्या कॅमेऱ्याचं तीन फ्रेमचं साधं ब्रॅकेट पुरेसं आहे. एक खोट आहे, पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा फारच कमी असतो, व्हाइट बॅलन्स पांढऱ्याकडे ओढला की निळा चॅनल ताणला जातो आणि ठिपके पहिले तिथे दिसतात. म्हणून मी खोली थोडी पिवळीच ठेवतो, घरासारखी वाटते, आणि निळ्यावर जोर येत नाही. सकाळी काढायचं असेल तर सूर्य घराच्या मागून असतो, समुद्राचा रंग सुंदर मिळतो पण फरक मोठा, सहा फ्रेमची तयारी ठेवा.

उन्हाळ्याचं एक वेगळंच. सेन्सर जितका गरम तितके हॉट पिक्सेल (उजेड नसताना उगाच चमकणारे ठिपके) जास्त, साधारण दर ६ ते ८ अंशांना त्या प्रकारचा नॉइझ दुप्पट होतो. मे महिन्यात कॅमेरा गाडीत तापवून आणून लगेच लाइव्ह व्ह्यूवर पाच-पाच मिनिटं फ्रेम जुळवत बसू नका. लाँग एक्सपोजर नॉइझ रिडक्शन दोन सेकंदांना लागत नाही, बंदच ठेवा, ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ अजून खातं आणि तेवढ्यात बाहेरचे ढग सरकतात. त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ वगैरे तीस-तीस सेकंदांवर काढताना मात्र चालू करा.

आता सॉफ्टवेअर. लाइटरूम असेल तर त्याचं एआय डीनॉइझ, जे २०२३ मध्ये आलं, ते आधी रॉ फ्रेमवर चालवा आणि मग मर्ज करा. सगळ्या फ्रेमवर, सारख्याच प्रमाणात. मी आकडा खालीच ठेवतो कारण फ्रेम बरोबर असतील तर फार काही करायला लागतच नाही. मर्ज झाल्यावर नॉइझ वाढवणारे स्लायडर म्हणजे क्लॅरिटी, टेक्स्चर, डीहेझ आणि शार्पनिंग. समुद्रावर खाऱ्या हवेची धूसर असते म्हणून लोक सबंध फोटोला डीहेझ मारतात, तो छपरालाही लागतो आणि सगळे ठिपके वर येतात. डीहेझ फक्त दाराच्या चौकटीतल्या भागाला मास्क करून. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर अल्ट धरून ओढा, काळी-पांढरी कड दिसते, भिंतीचा सपाट भाग काळा होईपर्यंत न्या.

जांभ्याची भिंत मेणाची होते त्याचं कारण म्हणजे जांभा मुळातच भोकाभोकांचा, खडबडीत, बारीक रंग बदलणारा दगड. सॉफ्टवेअरला त्यातलं दगडाचं काय आणि नॉइझ काय ते कळत नाही, सगळंच पुसतं. पण त्याच खडबडीतपणामुळे तिथला नॉइझ डोळ्यालाही दिसत नाही. म्हणून भिंतीवर ल्युमिनन्स रिडक्शन (कमी-जास्त उजळ दाणे पुसणारं) जवळपास शून्य, फक्त कलर नॉइझ काढायचा. वाशांवर, कौलांच्या सावलीवर, आभाळावर जास्त. तीन मास्क, पाच मिनिटांचं काम. आणि चुलीच्या धुराने काजळी धरलेले वासे काळेच असतात हो. दुपारी त्या घरात उभं राहून वर बघितलं तर तिथे अंधारच दिसतो, मग फोटोत तो शॅडो अधिक ऐंशी करून उजळायचा हट्ट का? माझ्या मते कोकणातल्या घरांच्या निम्म्या एचडीआर फोटोंची वाट इथेच लागते, नॉइझ राहू दे बाजूला, सगळं घर ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखं दिसतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की परत जाणं होणार नाही आणि मालकाला फोटो या आठवड्यात हवेत. मग आहे त्या तीन फ्रेमवर असं करा. तिन्ही फ्रेमला आधी डीनॉइझ, मग डीघोस्ट बंद ठेवून मर्ज, शॅडो अधिक तीस-पस्तीसच्या वर नाही, छपराच्या वरच्या कोपऱ्यांना ब्लॅक थोडे खाली ओढून अंधारात जाऊ द्या. समुद्र १/१२५ ला जळालाय तो परत येणार नाही, रॉ मध्ये हायलाइट ओढून जे मिळेल ते. आणि फाईल पूर्ण साइझमध्ये देऊ नका. वेबसाइटसाठी ६००० पिक्सेलची फ्रेम २००० ला आणली की नऊ पिक्सेलचा एक होतो आणि नॉइझ साधारण एक तृतीयांश राहतो, बुकिंगच्या साइटवर कोणाला ठिपका दिसणार नाही. ए४ पत्रक छापणार असतील तर ३०० डीपीआयला ३५०८ पिक्सेल लागतात, तिथे फायदा कमी, म्हणून छपाईला हा फोटो न देता पडवीतून बाहेर बघतानाचा तुमचा तिसरा फोटो द्या, त्यात काळं छप्पर जवळपास नाहीच आणि माडाची सावली जमिनीवर मस्त पडलीय.